बिनतारी म्हैस

"म्हस भाईर काढ! आधी तिला भाईर काढ, मग काय ते खेळ कर!"

काकू माझ्या कानाशी ओरडत होती आणि म्हैस होती माझ्या फोनात. फोनाच्या काचेवर एक गोल चक्र गरगर फिरत होतं, चक्राच्या मागं व्हिडिओ, व्हिडिओच्या मागं एक गोठा आणि गोठ्यात म्हैस, तिळाएवढी. तिला तिथून उचलून समोरच्या भिंतीवरच्या टीव्हीत घालायची होती. वायर न लावता. फोन एका कंपनीचा, टीव्ही दुसऱ्या कंपनीचा. आणि तेही दुपारी जेवायला येणाऱ्या काकूच्या व्याह्यांची गाडी दारात लागायच्या आत.

म्हैस फोनात कशी शिरली ते आधी सांगतो.

काकू म्हणजे माझी सख्खी चुलती. गुंदच्या पुढं रानात आमची घरं लागून आहेत. तिची म्हैस अख्ख्या जोयडा तालुक्यात प्रसिद्ध होती, दुधासाठी नव्हे, भांडणासाठी. रानाच्या कडेला पुढं वाघ असल्याची सूचना देणारा एक फलक आहे, त्यावर वाघाचं चित्र. एकदा या म्हशीची आणि त्या चित्राची नजरानजर झाली. ती धावत गेली आणि फलकाला अशी धडक दिली की फलक वाकला, तिचं डावं शिंग अर्ध्यात मोडलं, आणि खरा वाघ त्या दिवसापासून हा मुलूख सोडून कायमचा दांडेलीकडं सरकला. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. वाघ नव्हे, फलक.

तर ही म्हैस श्रावणात चरायला गेली ती परतलीच नाही. गाव म्हणालं, वाघानं नेली. काकू म्हणाली, "वाघाला पचायची न्हाई ती." रोज दिवेलागणीला ती कुंपणापाशी उभी राहून हाका मारायची. आम्ही हसायचो. एकदा तिला रिकाम्या गव्हाणीत गवताची पेंढी टाकताना बघितलं, तेव्हापासून मी हसायचं बंद केलं. निदान तिच्यासमोर.

मग अणशीच्या अंगाला दिलेल्या तिच्या लेकीचा व्हिडिओ माझ्या फोनावर आला. आमच्याकडं शेतात पहिलं भात पिकलं की 'नवं' करतात. नव्या तांदळाचा भात आधी देवाला, मग घरच्या कर्त्यानं पहिला घास घ्यायचा. व्हिडिओत लेकीचे सासरे ओसरीवर पाटावर बसून तो घास घेत होते. पण घास गिळून झाला, सासऱ्यांनी मिशा पुसल्या, तरी कॅमेरा आपला त्यांच्या खांद्यावरून मागच्या गोठ्याकडंच बघत राहिलेला. गोठ्यात खांबाला एक म्हैस. खाली लेकीनं लिहिलं होतं, "आई, आमच्याकडचं नवं बघ. मोठं करून बघ."

मोठं करायला काकूनं काचेवर दोन बोटं अशी फाकवली की सासरे, गोठा, म्हैस सगळे काचेबाहेर पळाले आणि एक करडा ठिपका तेवढा राहिला. त्यात माझ्या फोनाची काच अशी तडकलेली की त्यातून बघितलं तर गणपतीच्या उंदरालाही मोडकं शिंग दिसावं.

बरं, सरळ जाऊन बघावं तर तेही नाही. मुलीकडच्यांनी व्याह्यांच्या गोठ्यात शिरून म्हशीची शिंगं तपासायची म्हणजे येताना लेकीचं कपाट आणि भांडी आणायला ट्रॅक्टर सांगूनच जायचं. पोरीला त्या घरात नांदायचं होतं. आणि काकूला तर म्हैस पाहिजे होती. या दोन्हींचा मेळ घालायला काकूनं डाव रचला. व्याह्यांना जेवायला बोलवायचं. चार माणसांत, कौतुकानं, त्यांच्याच घरचं नवं मोठ्या टीव्हीवर दाखवायचं. मग म्हशीनंच आपली ओळख द्यायची. काकूच्या तोंडून आरोपाचं अक्षर निघायचं नाही.

एवढा मोठा टीव्ही गावात एकच, रेल्वेमामाचा. रेल्वेमामा कॅसलरॉकला पॉइंटमन होता. रुळांचे सांधे बदलण्यात जन्म गेला. निवृत्त झाला आणि हा टीव्ही घेतला. टीव्ही इतका रुंद की बातम्या सांगणारी बाई कधीतरी चौकटीतून उतरून पाणी मागेल अशी आम्हाला भीती. तो आणला तेव्हा दारातून जाईना म्हणून आधी दार काढलं, मग चौकट, मग रेल्वेमामाच्या बायकोची समजूत. रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यावर रबर. रिमोट दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही, हा त्याचा नियम.

त्या दिवशी सकाळपासून आम्ही तिघं त्या टीव्हीसमोर. मी, काकू आणि पिशवीतला रिमोट धरून रेल्वेमामा.

फोनात मी ती जागा शोधून काढली. "हे बघा, हितं 'कास्ट' लिवलंय. हे दाबायचं."

रेल्वेमामानं चष्मा वर केला. "कास्ट?"

"व्हय."

"म्हंजे जात इचारतोय काय फोन?"

काकू उसळली. "म्हस बघायला जात कशाला रे लागती? तहसीलदार हाय काय त्यो?" मग जरा थांबून, कामात खोळंबा नको म्हणून, हळूच म्हणाली, "आमचीच लिव. खोटं लिवू नको, मागनं तरास हुतोय."

हे त्या कास्टमधलं नव्हे, हे टाकण्यातलं, फेकण्यातलं, असं मी समजावलं. तर काकू म्हणाली, "म्हशीला फेकणार हाईस?" मी समजावणं सोडून दिलं.

टीव्हीत मात्र 'कास्ट' कुठंच सापडेना. तिथं त्याच गोष्टीला 'स्क्रीन मिररिंग' म्हणत. माझ्या शेजाऱ्याच्या फोनात तिसरंच नाव आहे. रेल्वेमामाला हे लगेच पटलं. "एकाच गाडीला हिकडं एक नाव, तिकडं एक नाव. गोव्याला जाणारा म्हणतोय गोव्याची गाडी, तिकडनं येणारा म्हणतोय हुबळीची. गाडी तीच." मला वाटलं, झालं, समजलं याला. तीच माझी चूक.

मी फोनात शोध लावला. यादीत एक नाव उगवलं. आनंदाच्या भरात न वाचता दाबलं. चक्र फिरलं, थांबलं, टीव्ही काळा तो काळाच, आणि रेल्वेमामाच्या देव्हाऱ्यातून म्हैस हंबरली.

एकदम खणखणीत. घंटी हलली की नाही ठाऊक नाही, पण मला हललेली दिसली. काकू जागच्या जागी वळली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडून जमिनीवर डोकं टेकलं. "देवानं सांगितलं गं बाई! हाय, जित्ती हाय!" आतून रेल्वेमामाची बायको पीठभरल्या हातानं धावत आली आणि तिनंही नमस्कार केला, कशाला ते न विचारता.

देव्हाऱ्यात आरतीसाठी ठेवलेला बिनतारी स्पीकर होता. फोन त्याला जाऊन चिकटला होता. हे मी सांगितलं तर काकूनं डोकं वर न करता उत्तर दिलं, "असंल. देव कशातनं बी बोलतोय." आणि मग तिनं माझ्याकडं असं बघितलं की आता म्हैस टीव्हीत आली नाही तर मी या जन्मात तिच्या घरच्या भाकरीला मुकलो.

पुन्हा शोध. या खेपेला टीव्हीचं नाव आलं. दाबलं. चक्र. चक्र. "जोडता आलं नाही." पुन्हा दाबलं. "जोडता आलं नाही." फोन बंद करून चालू केला, खिडकीपाशी नेला, टीव्हीपाशी नेला, टीव्हीच्या पोटाला लावला. काही नाही. काकूचं ओरडणं सुरू झालं ते इथंच, ते तुम्ही वर ऐकलंत. तिचा आवाज इतका चढला की समोरच्या फणसावरची माकडं दुसऱ्या फणसावर गेली.

शेवटी माझं लक्ष रेल्वेमामाच्या अंगठ्याकडं गेलं. मी फोनात दाबलं की टीव्हीवर एक चौकट डोळा मिचकावल्यासारखी यायची, आणि हा पिशवीतल्या पिशवीत रिमोटचं बटण दाबायचा, की चौकट गायब.

"मामा, काय दाबताय तुमी?"

"नको म्हणून दाबतोय."

"का?"

"त्यो इचारतोय, अनोळखी फोन आत यायला बघतोय, घ्यायचा का? मी म्हटलं, नको." छाती पुढं काढून तो म्हणाला, "लाइन क्लिअर असल्याबिगर मी जन्मात गाडी घेतली न्हाई. आन ह्यो तर दुसऱ्या कंपनीचा."

काकूनं काय म्हटलं ते इथं छापता येणार नाही. थोडं मराठी होतं, थोडं कानडी होतं, आणि त्यात रेल्वेचा आणि रेल्वेमामाच्या पूर्वजांचा उल्लेख होता. पुढच्या वेळी चौकट आली तेव्हा रेल्वेमामानं डोळे मिटून 'चालेल' दाबलं. आणि माझा अख्खा फोन, तडकलेल्या काचेशिवाय, भिंतीवर उभा राहिला. मी ओरडलो. काकू ओरडली. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. व्याही आले होते.

व्याही म्हणजे गोड माणूस. इतका गोड, की बोलून गेला तरी ओसरीवर मुंग्या लागाव्यात. पांढरा शर्ट, पांढऱ्या मिशा, हातात काकूसाठी केळीचा घड. "विहीणबाई, तुमच्या हातचं जेवायचं म्हंजे भाग्य लागतंय." काकूही साखर झाली. "जेवायचं हायच की. खरं आधी जरा हिकडं या. तुमच्या घरचं नवं आमाला बघायला कुठं मिळतंय? टीव्हीत बघूया म्हटलं, पोराला." गावातली चार माणसं काकूनं आधीच सांगून ठेवली होती. ती भिंतीला टेकून बसली.

मी व्हिडिओ सोडला. व्याही स्वतःला एवढ्या मोठ्या आकारात पहिल्यांदाच बघत होते. खूश. पडद्यावर त्यांनी घास उचलला, डोळे मिटले, खाल्ला. "वा," खालचे व्याही म्हणाले. मग पडद्यावरचे व्याही मिशा पुसत बाजूला सरले आणि मागून, पडदाभर, भिंतभर, दारापासून खिडकीपर्यंत, म्हैस आली. तेच कपाळ. तीच भांडखोर नजर. आणि डावं शिंग अर्ध्यात मोडलेलं.

काकूनं तोंडावर पदर धरला. मी व्हिडिओ थांबवला, म्हैस भिंतीवर गोठली.

"शिंग मोडलंय की हिचं," भिंतीपाशी बसलेला एकजण शेवटी म्हणाला.

"कुठलं?" दुसरा.

"डावं."

"म्हशीचं डावं का आपलं डावं?" रेल्वेमामानं विचारलं.

"तुला शिंगं हायत काय?" काकू पदराआडून.

व्याह्यांच्या कपाळावर एक आठी नाही. ते सावकाश पुढं सरकले, पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं होती तिकडं बोट केलं आणि अतिशय नम्रपणे विचारलं, "हितं इंग्लिशमदी काय लिवलंय हो?"

"स्क्रीन मिररिंग," रेल्वेमामा फुशारकीनं म्हणाला.

"आन मिरर म्हंजे?"

"मिरर म्हंजे आरसा."

"आरसा!" व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. "तरीच म्हटलं! आरशात डाव्याचं उजवं हुतंय, उजव्याचं डावं. आमच्या म्हशीचं मोडलंय उजवं शिंग, दिसतंय डावं. तुमच्या म्हशीचं, विहीणबाई, डावं हुतं न्हवं? बिचारी. वाघानं नेली म्हणं."

मी अनेक बदमाश बघितलेत. रामनगरच्या बाजारात तीन पायांचा बैल चार पायांच्या भावानं विकणारा बघितलाय. पण असा माणूस नाही. उभ्या-उभ्या, एका इंग्लिश शब्दावर, अख्खी म्हैस उलटी केली! मी तोंड उघडलं. आरसा नुसता नावाला, चित्र उलटं होत नाही, फोनात जसं तसंच टीव्हीत दिसतं, असं जीव तोडून सांगितलं. भिंतीची चार माणसं माझ्याकडं नंदीबैलासारखी बघत होती.

"आरसा न्हाई तर आरसा लिवलाय कशाला?" एकानं विचारलं. हे त्या टीव्हीच्या कंपनीला विचारायला पाहिजे होतं.

"जाऊन बघूया की गोठ्यात," रेल्वेमामा म्हणाला.

"या की," व्याही म्हणाले. "घर तुमचंच हाय. खरं ती दिवसा रानात असती. आन आमच्या गोठ्यात शिंगं बघायला माणसं आली म्हणून गावात कळलं, तर सुनेला किती लाजल्यागत हुईल." हे सगळं हसत. काकूचा चेहरा पडला. तिच्या लेकीलाच त्यांनी गोठ्याच्या दारात आडवं घातलं होतं.

मी फोन उचलला, बंद करणार, तेवढ्यात काकू म्हणाली, "थांब. म्हागं घे."

"किती?"

"व्याह्यांच्या घासापातूर."

मी मागं घेतलं. पडद्यावर व्याही, डोळे मिटलेले, हातात नव्या भाताचा घास. काकू उठून पडद्याजवळ गेली आणि घासाच्या हातावर अलगद बोट ठेवलं.

"ह्यो उजवा हात न्हवं?"

"व्हय, उजवाच," चौघं म्हणाले.

काकू वळली. आवाज साखरेचाच. "मग व्याही, आरशात उजवं दिसतंय म्हंजे खरं डावं. नव्याचा पयला घास, देवाम्होरं, डाव्या हातानं खाल्लासा?"

डाव्या हातानं जेवणं हेच आमच्याकडं लाजिरवाणं, त्यात नव्याचा घास! असल्या माणसाच्या शेतात पुढल्या वर्षी भात नव्हे, निवडुंग उगवावा. चारही डोकी व्याह्यांकडं वळली. उजव्या हातानं खाल्लं म्हणावं तर शिंग डावं. शिंग उजवं म्हणावं तर घास डावा.

व्याही घोटभर पाणी प्याले. मग सगळ्यांकडं शांत नजरेनं बघून म्हणाले, "मी डावराच हाय."

या माणसाला मी मनातल्या मनात दंडवत घातला. हरायचंच नाही म्हटल्यावर कोण हरवणार?

काकूनंही क्षणभर बघितलं. मग म्हणाली, "असं व्हय. चला, पानं वाढते."

रेल्वेमामाच्याच पडवीत पंगत बसली. काकूनं आधी काय रांधलं होतं ते मला माहीत होतं, कोंबडी, भाकरी आणि मोकळा भात. पण ती स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ आलीच नाही, आणि रेल्वेमामाच्या बायकोला घेऊन आली तेव्हा व्याह्यांच्या पानात कोंबडी नव्हती. होता गुरगुट्या भात, त्यावर पाण्यासारखी पातळ आमटी, आणि बाजूला काळी नदीतला तो मासा, ज्यात मांस कमी आणि काटे जास्त. माझ्या मते त्यात काटेच काटे असतात, मासा वरून चोपडलेला असतो.

व्याही पानाकडं बघत राहिले. मग त्यांनी डावा हात पुढं केला.

त्या हातानं जन्मात घास उचलला नव्हता, हे पहिल्याच घासाला कळलं. घास निघाला तोंडाकडं आणि पोचला कानाशी. दुसरा मिशीत राहिला. आमटी कोपरापर्यंत गेली, शर्टाच्या बाहीत शिरली आणि कुठंतरी काखेपाशी मुक्कामाला थांबली. भिंतीची चार माणसं आता पंगतीत होती. ती जेवत नव्हती, बघत होती. आणि काकू वाढत होती. "घ्या की आणखी. लाजू नगासा. आमटी घाला गं व्याह्यांना." एकही वाकडा शब्द नाही. जावई आला तर एवढ्या आग्रहानं वाढत नाहीत.

व्याही हटेनात. घामानं न्हाले, पण डावा हात चालूच. मग ते माशावर आले. एका हातानं काटे काढणं उजव्याला जमतं, कारण त्याला तोंडातलं कळतं. डाव्याला काय कळणार? पहिलाच तुकडा तोंडात गेला आणि व्याह्यांचे डोळे बाहेर आले. घशात काटा.

अशा वेळी काय करायचं ते आमच्याकडं दुधपित्या पोरालाही ठाऊक. कोरड्या भाताचा गोळा करून न चावता गिळायचा. व्याह्यांना विचार करायला वेळच नव्हता. त्यांचा उजवा हात, इतका वेळ मांडीखाली दाबून ठेवलेला, मालकावर काळ आला बघून स्वतःच उठला. शेजारच्या पानातून भात उचलला, झकास गोल गोळा वळला, अंगठ्यानं अलगद तोंडात सारला. काटा गेला. हात हवेतच राहिला.

सगळे त्या हाताकडं बघत होते. व्याहीही.

काकू त्यांच्यासमोर खाली बसली. मला वाटलं, आता तोंड सुटणार. पण तिनं त्यांच्या पुढं पाण्याचा तांब्या सरकवला आणि एकदम वेगळ्या, थकल्या आवाजात म्हणाली, "व्याही, लेकीची लई सवय हुती तिला. तिच्या म्हागनंच आली असंल तुमच्याकडं. पाव्हणी आली, ऱ्हायली, तुमी चारा घातलासा. लई उपकार झाले. आता धाडा. माझा गोठा रिकामा हाय."

व्याही पाणी प्याले. मिशीतलं शीत काढलं. "तिला आमच्याकडचं पाणी बी मानवंना," ते म्हणाले. "मीच म्हणणार हुतो."

मग स्वयंपाकघरातून कोंबडी आली, आणि ती व्याह्यांनी उजव्या हातानं, हाडासकट संपवली.

दोन-चार दिवसांनी म्हैस आली. व्याह्यांनी ती अशी पाठवली की माहेरवाशीण पाठवावी. कपाळाला कुंकवाचा मळवट आणि मोडक्या डाव्या शिंगाला खण बांधलेला. गावानं टाळ्या वाजवल्या. म्हशीनं कुणाकडं बघितलं नाही, थेट गोठ्यात गेली आणि जाता-जाता मला एक ढुशी दिली.

मी मात्र महिनाभर छाती काढून फिरलो. रामनगरच्या बाजारात चहाच्या टपरीवर ही गोष्ट सांगितली, तर लोक आपापले फोन घेऊन माझ्या मागं लागले. एकदा संध्याकाळी काकू धार काढत होती, मी गोठ्याच्या दारात उभा राहून म्हटलं, "काकू, मान का न्हाई? दोन कंपन्या, वायर न्हाई, काय न्हाई. हवेतनं म्हस आणून दिली तुला."

काकूनं धार थांबवली नाही.

"म्हस चालत आली," ती म्हणाली.